चाळीस सीताराम

शनिवार, १७ मे १९८६. सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी प्रेमलताने उंबरझिरीच्या नाल्यात कॅमेऱ्याचं शटर उघडलं आणि चाळीस सेकंद उघडं ठेवलं. समोर उंबराच्या मुळांखालून येणारं पाणी होतं, त्या पाण्याखाली घागरीसारखा तांब्याचा गुंड होता आणि गुंडाशेजारी तिची आई देवकाबाई उभ्या होत्या. तिघांपैकी हलायची परवानगी फक्त पाण्याला होती.

उंबरझिरी ही मध्य प्रदेशातल्या मोहगावच्या पुढची बेचाळीस घरांची वस्ती. तिथली विहीर होळीनंतर आटते. मग वस्तीच्या वरच्या अंगाला, नाल्यात, उंबराखालच्या फटीतून जे पाणी येतं त्यावर पावसापर्यंत दिवस काढायचे. त्या जागेला वस्तीत झिरी म्हणतात. झिरी कधी आटल्याचं कोणाला आठवत नाही. पण तिच्यापर्यंत चढून जावं लागतं आणि भरलेला गुंड डोक्यावर घेऊन उतरावं लागतं. आदल्या उन्हाळ्यात उतरताना देवकाबाईंचा पाय शेवाळावर घसरला. उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं बसलं आणि त्या हाताची पकड गेली. वय बासष्ट. मुलगा नागपूरला गिरणीत आणि मुलगी पांढुर्ण्यात दिलेली, म्हणजे पाणी त्यांनाच आणायचं होतं.

मुलीने त्यांना दोनदा पांढुर्ण्याला नेलं होतं. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी त्या परत आल्या.

"तिथं नळ हाय, पण बोलाले कोणी नाही," हे त्यांचं कारण.

त्यानंतर प्रेमलताने ठरवलं की आई नळाकडे येत नसेल तर नळ आईकडे न्यायचा. झिरी वस्तीपेक्षा उंचावर आहे. तिथून पाइप टाकला तर पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी वस्तीत येईल. अशा योजनांची त्या वर्षीची यादी ३१ मेला बंद होणार होती. यादीत नाव आलं नाही तर वस्तीला हातपंप मिळणार होता, तोही डांबरी रस्त्याच्या कडेला, दीड किलोमीटरवर.

अर्ज २ एप्रिलला सौंसरला लिहिला गेला. लिहिणारे नत्थूजी. तहसिलीसमोर निंबाखाली टेबल टाकून वीस वर्षं अर्ज लिहिणारे. सरकारी कागद हिंदीत जातो, म्हणून त्यांनी लिहिलं, "ग्राम के समीप बारहमासी झरना है।"

२१ एप्रिलला अर्ज परत आला. कोपऱ्यात उपयंत्र्यांचा, म्हणजे ज्युनियर इंजिनियरचा, लाल शेरा होता: "झरने का छायाचित्र संलग्न करें, जिसमें प्रवाह स्पष्ट दिखाई दे।"

"झरना कोणी सांगितला तुम्हाला?" प्रेमलताने विचारलं. "मी झिरी म्हटलं होतं."

"ताई, हिंदीत झिरी म्हणजे दरवाजाची फट," नत्थूजी म्हणाले. "तसं लिहिलं असतं तर साहेब म्हणाले असते, हे लोक फटीतून पाणी पिऊन राहिले का?"

"फटीतूनच पितात."

"पितात, पण लिहाले बरं दिसत नाही. झरना म्हटलं की कसं, भारदस्त वाटते."

शब्द बदलायचा तर नवा अर्ज, नवा आवक क्रमांक आणि पुन्हा तीन आठवडे. तेवढे दिवस हातात नव्हते. शेऱ्यात मात्र फोटो मागितला होता, आणि फोटो काढणं हा प्रेमलताचा धंदाच होता.

पांढुर्ण्यात तिच्या सासऱ्यांनी, रघुनाथरावांनी, काढलेला स्टुडिओ आता ती चालवत होती. रघुनाथरावांना मोतीबिंदूमुळे फोकस दिसत नसे. नवरा लग्नाच्या ऑर्डरींमागे गावोगाव फिरत असे. स्टुडिओत बसून पासपोर्टचे, मुली दाखवायचे आणि बारशाचे फोटो तीच काढायची. दिवसातून पन्नास वेळा ती एकच वाक्य म्हणायची: "हलू नका."

रविवारी, २७ एप्रिलला, ती दोन भिंगांचा याशिका कॅमेरा घेऊन झिरीवर गेली. भर दुपारच्या उन्हात एका सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात तिने सहा फोटो काढले. सोमवारी ते धुतले आणि मंगळवारी सौंसरला नेले. उपयंत्र्यांनी एकेक फोटो खिडकीकडे धरून पाहिला. तरुण माणूस, सागर जिल्ह्यातला, वर्षभरापूर्वी बदलून आलेला.

"मैडम, इसमें तो पत्थर गीला है, बस."

त्यांचं चुकलं नव्हतं. झिरीचं पाणी फटीतून निघून दोन हात रुंद काळ्या कातळावर पातळ पसरतं आणि गुडघाभर उंचीवरून खाली पडतं. फोटोत कातळ चमकत होता. पाणी कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काही कळत नव्हतं. धारेच्या जागी दोन-चार थेंब हवेत लटकले होते.

"फोटोत आलं नाही म्हणजे पाणीच नाही का व?" देवकाबाईंनी नंतर विचारलं.

"साहेबापुरतं नाही, माय."

उत्तर सापडलं ते फुकट गेलेल्या एका फोटोत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका कुटुंबाचा ग्रुप फोटो काढायचा होता. वीज गेली, म्हणून दाराच्या उजेडात एक सेकंद शटर उघडं ठेवलं. अकरा माणसं नीट आली. बाराव्या माणसाने, म्हणजे मांडीवरच्या पोराने, मान फिरवली आणि डोक्याच्या जागी पांढरा पट्टा आला. प्रेमलता तो फोटो घेऊन रघुनाथरावांकडे गेली.

"मामाजी, हललं ते पसरते. मग पाणी पसरलं तर ते वाहताना दिसेल ना?"

रघुनाथरावांनी फोटो नाकाजवळ नेला. दिसला नाहीच. पण प्रश्न कळला.

"जाम नदीचा काढला होता मी एकदा," ते म्हणाले. "सावरगावच्या बाजूनं, प्लेटचा कॅमेरा होता तेव्हा. टोपी काढून सहा सीताराम मोजले. नदी अशी आली, जशी कोणी धोतर वाळू घातलं. आमचे वडील म्हणाले, बिघडला. फेकून दिला."

"बिघडला नव्हता."

"आता तू म्हणून राहिली."

सीताराम हे त्या स्टुडिओचं माप. कॅमेऱ्यांना घड्याळाचं शटर नव्हतं तेव्हापासून रघुनाथराव भिंगाची टोपी काढून "सीताराम एक, सीताराम दोन" असं मोजत. एक सीताराम म्हणजे एक सेकंद. प्रेमलताने ते रेडिओच्या टोल्यांशी ताडून पाहिलं होतं. साठ सीतारामांत एका सेकंदाचाही फरक पडला नव्हता.

७ मेच्या संध्याकाळी ती मुक्कामाच्या तयारीने आईकडे गेली. सकाळी ऊन यायच्या आधी उजेड कमी असतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. पहिल्या दिवशी तिने स्टँडचे दोन पाय पाण्यात रोवले. पाण्याने स्टँड थरथरला; अशाने पाण्यासोबत कातळही पसरणार हे तिला कळलं. नऊ तारखेला तिने तिन्ही पाय कोरड्या दगडांवर ठेवले, वरून दगड बांधलेली पिशवी लटकवली, भिंगावर पिवळी काच लावली, छिद्र लहानात लहान केलं आणि आठ सीताराम मोजले.

डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, तो फोटो ट्रेमध्ये वर आला तेव्हा प्रेमलताने चिमट्याने कागद धरून तो पुन्हा एकदा बुडवला. कातळाची प्रत्येक भेग दिसत होती. त्या भेगांवरून पाणी एकसंध, पांढरं, मऊ पसरलं होतं आणि काठावरून पदरासारखं खाली आलं होतं. थेंब एकही नव्हता. पाणी वाहतं आहे हे कोणालाही, कुठल्याही भाषेत, सांगावं लागलं नसतं.

सोमवारी, १२ मेला, नत्थूजींनी तो पाहिला आणि टेबलावरचा शिक्का बाजूला सारला.

"अरे बापरे! ताई, तुम्ही तर भेडाघाटचा धबधबा करून टाकला!"

"तोच त्रास आहे."

"कायचा त्रास? द्या इकडे. आत्ता टाचणी लावतो."

"नत्थूजी, यात कातळ केवढा आहे ते कळते का? पाणी किती उंचीवरून पडते?"

नत्थूजींनी फोटो हातभर लांब धरला. "पन्नास फूट असन."

"गुडघाभर आहे."

"मग? साहेबाले झरना पाहिजे होता. झरना देऊन राहिलो."

"अन् साहेब पाहायला आले तर?"

"पाहाले कोण येते? फोटो मागतात तो येणं वाचावं म्हणून."

"आले तर," प्रेमलता म्हणाली, "बोटभर धार दिसेल. मग म्हणतील फोटो खोटा, अर्ज खोटा. मग पुढच्या वर्षीही काही नाही. माझी माय त्रेसष्टची होईल."

"तुमच्यासारखे ग्राहक असले तर मले निंबाखालून उठा लागन," नत्थूजी म्हणाले. पण फोटो त्यांनी परत दिला.

परतीच्या बसमध्ये तिने हिशेब मांडला. फोटो खोटा नव्हता. आठ सेकंदांत त्या कातळावरून जेवढं पाणी गेलं तेवढं सगळं एका कागदावर आलं होतं. पण कागद पाहणाऱ्याला तसं वाटत नाही. त्याला वाटतं, एवढं पाणी एका क्षणात आहे. किती वेळाचं पाणी, हे फोटोतच दिसायला हवं होतं. शेजारी पट्टी ठेवली तर उंची कळेल, वेळ कळणार नाही. घड्याळ ठेवलं तर काटा पसरेल.

वेळ आणि पाणी दोन्ही एकदम मोजणारी वस्तू तिच्या आईच्या ओट्यावर होती. गुंड.

त्याच आठवड्यात तिने आईकडून निरोपाने मोजणी मागवली. शाळेतल्या मास्तरीणबाई, सुधाताई, घड्याळ घेऊन झिरीवर गेल्या. वस्तीतल्या बाया पळसाचं पान पन्हाळीसारखं काठावर लावतात आणि त्याखाली गुंड धरतात. देवकाबाईंचा गुंड तसा भरायला चाळीस सेकंद लागले. दुधाच्या मापाने मोजला तेव्हा त्यात चौदा लिटर पाणी मावलं.

म्हणजे शटर चाळीस सेकंद उघडं ठेवायचं. उघडताना गुंड रिकामा, बंद होताना भरलेला. फोटोत जेवढं पाणी दिसेल ते बरोबर एक गुंड.

पहाटेचा उजेडही चाळीस सेकंदांना फार होता. पिवळ्या काचेने भागत नव्हतं. पांढुर्ण्याच्या एका वेल्डरकडून तिने जुन्या चष्म्याची हिरवी काच आणली आणि भिंगापुढे दोऱ्याने बांधली. स्टुडिओमागच्या मोरीत नळाखाली बादली ठेवून तिने एक अख्खा रोल खर्ची घातला.

"मोरीचे फोटो काढून राहिली का सूनबाई?" रघुनाथरावांनी विचारलं.

"हो मामाजी. मोरी एकदम छान बसते. हलत नाही."

१७ मेला साडेपाचला मायलेकी झिरीवर होत्या. समोरच्या काठावरून ऊन आत यायला अर्धा तास होता. देवकाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

"माय, चाळीस सीताराम हलायचं नाही. बोलायचंही नाही."

"मी कायले बोलू?"

शटर उघडलं. बारा सीताराम झाले.

"श्वास घेऊ का व?" देवकाबाईंनी विचारलं.

प्रेमलताने शटर बंद केलं, फिल्म पुढे सरकवली आणि गुंड रिकामा केला. "घे. पण हळू घे."

दुसऱ्या वेळी सदतीस सीतारामांपर्यंत सगळं ठीक होतं. अडतिसाव्याला देवकाबाईंचा डावा हात पुढे गेला आणि त्यांनी गुंड धारेखालून ओढला.

"माय!"

"भरला ना."

"काठोकाठ भरू द्यायचा होता."

"काठोकाठ कोणी भरते का? डोक्यावर घेतला की सांडते. दोन बोटं रिकामा ठेवा लागते. तू पांढुर्ण्याची झाली, इसरली."

ते खरंच होतं. पन्नास वर्षं दोन बोटं राखून गुंड ओढणारा हात आज थांबवायचा होता. प्रेमलताने घड्याळ पाहिलं. पाच सेहेचाळीस. समोरच्या काठावरच्या सागाच्या शेंड्यांना ऊन लागलं होतं. तिने हात बांधायचा विचार केला, पण बांधलेल्या हातांचा फोटो सरकारी कागदाला लावता येणार नव्हता.

"माय, तो हात या हातानं धरून ठेव."

देवकाबाईंनी वाकड्या उजव्या हाताने डावं मनगट धरलं. पकड नव्हती, म्हणून वरून पदराचा वेढा घेतला.

"पाणी सांडन," त्या म्हणाल्या.

"सांडू दे."

"सगळं?"

"तीन-चार ओंजळी. एवढं सांडलं तर उद्यापासून घरात नळाचं सांडेल."

"उद्यापासून?"

"म्हणजे लवकर."

पाच बावन्नला शटर उघडलं. प्रेमलताने मोठ्याने मोजलं. तेविसाव्याला एक भोरडी पाण्यावर आली आणि गेली. फोटोत ती उमटली नाही. एकोणचाळिसाव्याला पाणी गुंडाच्या कंठावर चढलं. चाळिसाव्याला काठावरून सांडलं. देवकाबाई हलल्या नाहीत. शटर बंद झाल्यावर त्यांनी आधी गुंड ओढला आणि मग पदर सोडला.

"झालं?"

"झालं."

सहा वाजता ऊन झिरीत आलं.

फोटो चांगला आला. कातळावर पाणी पसरलेलं, पानापाशी गोळा होऊन पांढऱ्या दोरीसारखं गुंडात उतरलेलं. गुंडाच्या काठावर हलकी चकाकी. देवकाबाईंचं लुगडं, पदराचा वेढा, गळ्यातली पोत, सगळं स्पष्ट. फक्त डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग होते. चाळीस सेकंद अंग थांबलं होतं, नजर मात्र गुंड आणि धार यांच्यात वरखाली करत राहिली होती. प्रेमलताने तो दोष रंगाने भरला नाही. स्टुडिओत रोज डोळे दुरुस्त करणारा तिचा कुंचला ट्रेशेजारीच पडलेला होता.

मागे तिने पेन्सिलने हिंदीत लिहिलं: दिनांक, वेळ, चाळीस सेकंद, बर्तन चौदा लीटर, आरंभ में खाली, अंत में भरा हुआ.

१९ मेला तिने फोटो स्वतः उपयंत्र्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"इनकी आंखों को क्या हुआ?"

"पानी देख रही थीं."

उपयंत्र्यांनी फोटो उलटा केला, मजकूर वाचला आणि पुन्हा सुलटा केला. मग पेन उघडून समासात भागाकार केला. मिनिटाला एकवीस लिटर. त्याला साठाने आणि मग चोवीसाने गुणलं. खाली बेचाळीस लिहिलं, घरांचा आकडा, आणि तिथे पेन थांबवलं.

"झरना तो छोटा है."

"झरना नहीं है साहब," प्रेमलता म्हणाली. "झिरी है."

"झिरी?"

"फट."

उपयंत्री हसले नाहीत. अर्जातल्या "झरना" शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. खोडला नाही.

३० मेच्या शुक्रवारी, यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, अर्ज पुढे गेला. नत्थूजींनी शेरा उतरवून पांढुर्ण्याला पाठवला. त्यात लिहिलं होतं: "प्रस्ताव विचारार्थ अग्रेषित। स्थल निरीक्षण दिनांक ........ को होगा। निरीक्षण के समय चित्र में दर्शाया गया बर्तन उपलब्ध रहे।" चिठ्ठीच्या तळाशी नत्थूजींनी स्वतःची ओळ जोडली होती, "ताई, बर्तन सांभाळा."

देवकाबाईंनी गुंड चिंचेने घासून, तोंडाला फडकं बांधून घरात ठेवला. चेपला किंवा बदलला तर माप चुकेल, असं त्यांचं म्हणणं. पाणी त्या आता लहान डब्याने आणतात. पूर्वी दोन खेपा होत, आता चार होतात. प्रेमलताने दुसरा गुंड आणून दिला, तो त्यांनी वापरला नाही. साहेब आले आणि दोन गुंड दिसले तर कोणता खरा ते पटवत बसावं लागेल, हे त्याचं कारण.

१४ जूनपर्यंत निरीक्षणाच्या तारखेची जागा कोरी होती. पाऊस आलेला नव्हता. त्या दिवशी, शनिवारी सकाळी, देवकाबाईंनी गुंड झिरीवर नेला, पानाखाली धरला, काठोकाठ भरू दिला आणि पुन्हा घरात ठेवला. भरायला सेहेचाळीस सीताराम लागले, असा निरोप त्यांनी मोहगावच्या बसने पाठवला. धार कमी झाली होती की त्यांनी ते भरभर मोजले, हे निरोप आणणाऱ्याला सांगता आलं नाही.